पहिली करंजी

माझी मुलगी कुस्ती खेळते असं सांगितलं की लखनौतल्या आमच्या चर्चमधल्या बायका आधी तिच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे. जणू मीच तिला मॅटवर ढकललं. मी कशाला ढकलू? मला ती चर्चमध्ये पेटी वाजवणारी हवी होती. पण तिचे आजोबा नगरकडचे, कुस्तीचे वेडे. ते वेड मधली पिढी सोडून थेट नातीत उतरलं.

गेल्या नाताळात तिची निवड चाचणी नेमकी नाताळच्या दुसऱ्या दिवशी आली. तिच्या वजनगटातून एकच मुलगी राज्याच्या संघात जाणार होती. सकाळी वजन, लगेच त्यानंतर कुस्त्या. वजन जरा जरी वर गेलं तर खेळायलाच मिळत नाही, आणि तिचं अगदी काठावर आलेलं. काकडी, मूग आणि मोजून पाणी, यावर पोरगी दिवस काढत होती.

आणि आमच्याकडे नाताळ म्हणजे फराळ. ह्यांची हवाई दलातली नोकरी, सध्या लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या तळावर. पण बदली कुठेही होवो, डिसेंबरात माझी कढई चढतेच. त्यात सासूबाईंनी घालून दिलेला एक नियम आहे. पहिली करंजी घरच्या कोणी खायची नाही, बाहेरच्या कुणाच्या तरी हातावर ठेवायची. बाळ येशूला त्या रात्री परक्यांच्या दारात जागा शोधावी लागली, म्हणून. ती दिल्यावरच डबा घरासाठी उघडायचा. लहानपणापासून हे काम मुलीचं. कधी दूधवाल्या भैयाला, कधी शेजारच्या आजींना, मोठ्या थाटात देऊन यायची.

करंज्या तळून झाल्या तशी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदी.

"मम्मी, इस बार डब्बा अभी मत खोलिएगा। मेरे वज़न के बाद। पहली वाली मैं ही दूँगी।"

मी भडकलेच. "ऐन नाताळात घर कोरडं ठेवू? आल्यागेल्यासमोर काय ठेवू, तुझे मूग?"

"ठेव की मूग," हे आतून म्हणाले. "तिच्याबरोबर मीपण थांबतो."

करंजीसाठी जीव टाकणारा माणूस हा! मी डबा आदळून कपाटावर ठेवला. पाहुण्यांना बेकरीतला केक दिला आणि प्रत्येकाला वेगळी सबब सांगितली.

नाताळच्या उपासनेत पादरीसाहेबांनी तिला पुढे बोलावलं. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "प्रभु, हमारी बिटिया को हिम्मत दे, और उसका दिल बड़ा रख।" एवढंच. जिंकण्याचं नावही नाही! मग मीच डोळे मिटून मनातल्या मनात, देवाला नीट कळावं म्हणून मराठीत, "आणि तिला जिंकू दे" एवढं जोडून टाकलं. प्रभुभोजनाला तिने भाकरीचा तो इवलासा तुकडा घेतला आणि परत येऊन माझ्या कानाशी कुजबुजली, "क्रिसमस की दावत हो गई।" हसत होती, गालांची हाडं वर आलेली. मला भरून आलं. बाहेर जो तो केकची बशी पुढे करून "एक टुकड़े से क्या होता है, बिटिया" म्हणत होता, आणि ही हात जोडत होती.

दुसऱ्या दिवशी धुक्यातून गाडी कशीबशी स्टेडियमवर पोचली. मुली वजनाला आत गेल्या, आम्ही दाराबाहेर उभे. थोड्या वेळाने ती धावतच आली. "आ गया, मम्मी!" वजन बसलं होतं. मी तिथेच पायरीवर सोबत आणलेला डबा उघडला.

तिने पहिली करंजी उचलली. मला वाटलं, कोच मॅडमना देणार. पण ती कोपऱ्यात एकट्या बसलेल्या एका मुलीकडे गेली. सोबत कोणी नाही, मांडीवर बॅग. लांबच्या जिल्ह्यातून आलेली, पहाटे आलमबागच्या स्टँडवर बसमधून उतरलेली, हे नंतर कळलं.

"लो बहन, हमारे यहाँ क्रिसमस की है।"

त्या मुलीने ती कशी खाल्ली, काय सांगू! आमचीने दुसरी दिली, तिसरी दिली, मग स्वतः खाल्ली.

"कोण गं ती?" मी विचारलं.

"मेरे ही वेट में है।"

झाकण माझ्या हातातच राहिलं.

शेवटची कुस्ती त्या दोघींचीच झाली. आमची बराच वेळ पुढे होती. अगदी शेवटी त्या मुलीने तिचा पाय धरला, उलटवलं आणि संपलं. निवड त्या मुलीची झाली. आमचीने उठून तिला मिठी मारली.

परतताना गाडीत मी तिच्याशेजारी मागे बसले होते. गप्प राहणं मला जमत नाही. "माझ्याच करंज्या खाऊन पाडलं तिने तुला," मी म्हणाले.

"रूल तो आपका ही है, मम्मी। और उसे भी उतनी ही भूख लगी थी।" मग म्हणाली, "अगले क्रिसमस पे घर बुलाया है उसे।"

पादरीसाहेबांनी मागितलेलं सगळं मिळालं होतं. मी जोडलेलं तेवढं नामंजूर झालं.

"येऊ दे," मी म्हटलं. "पण पुढच्या वेळी तिला करंजी वजनाच्या आधी दे."

ती हसायला लागली. खूप हसली, आणि हसता हसता माझ्या शालीत तोंड खुपसून रडायला लागली. सकाळपासूनचं, महिनाभराचं सगळं रडली. मी तिला घट्ट धरून बसले. मला तिचा फार अभिमान वाटत होता.

सिग्नलला गाडी थांबली. ह्यांनी मागे न बघताच हात मागे केला. "आता तरी मला एक मिळेल का?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, ह्यांनी अजून एकही खाल्ली नव्हती. रडत रडतच तिने डबा उघडला आणि त्यांच्या हातावर करंजी ठेवली.

"घ्या, बाबा," ती मराठीत म्हणाली.