अण्णांची लेन्स

कपाट आवरताना अण्णांच्या कॅमेऱ्याचं चामडी कव्हर हाती लागलं आणि त्या वासासरशी गंगापूर धरणावरची एक जुनी सकाळ आठवली. अण्णा, म्हणजे माझे वडील, लेन्सची रिंग फिरवत होते. पुढे, मागे, पुन्हा पुढे. ती लेन्स कमी उजेडातही सुरेख फोटो द्यायची, पण फोकस हातानंच जुळवावा लागे.

"आज धुकं फार आहे, नाही गं?" त्यांनी विचारलं.

आकाश लख्ख होतं. "धुकं कुठंय, अण्णा?" मी म्हणून गेले. धुकं आपल्याच नजरेत आहे, हे त्यावरून त्यांना कळलं असावं. कॅमेरा माझ्या हातात देत ते म्हणाले, "तूच काढ. काय दिसतंय ते सांग फक्त."

मी डोंगर, पाणी, बगळे सांगत गेले. वाटलं, त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल. पुढे डोळ्यांची औषधं झाली, ऑपरेशन झालं, तरी नजर परतली नाही. आणि कॅमेरा अण्णांनी कधीच परत मागितला नाही.