रेणू उलटी सरळ चालायची

अहवाल टेबलावर ठेवत डॉक्टर म्हणाल्या, "हा डिस्टोनिया आहे. मेंदूकडून चुकीचे संदेश जातात आणि स्नायू आपोआप आखडतात. ती ढोंग करत नव्हती."

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. माझी मुलगी रेणू तेव्हा अकरा वर्षांची होती.

सातव्या वर्षी तिची उजवी टाच जमिनीला टेकेनाशी झाली. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाजवळ. शाळेच्या वाटेवर ती चवड्यावर चालायची, पडायची. संध्याकाळी शेळ्या घरी आणताना मात्र हातातला सुबाभळीचा डहाळा दाखवत, त्यांच्याकडे तोंड करून उलटी चालायची. तेव्हा पाय नीट पडायचा.

"शाळंच्या वाटंला लंगडी अन् शेळ्यांम्होरं घोडी!" शेजारच्या काकू म्हणाल्या. "पोरगी हुशार हाय भाऊ तुमची."

मी हसलो. रेणूला म्हणालो, "नाटकं बंद कर."

"आबा, मी ढोंग करून न्हाई राहिले."

त्यानंतर वर्षभरात तिची जीभ जड झाली, आवाज बसला. इतकं स्पष्ट वाक्य मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

हिंगोलीत एक्स-रे झाला, नांदेडला एमआरआय. दोन्हींत काही निघालं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी तिला आधी पुढे चालवलं, मग उलटं. उलटी ती सरळ चालली. आता ढोंगच ठरणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी मात्र तेच लिहून घेतलं. काही डिस्टोनियात असं होतं, म्हणाल्या, आणि जनुकांची तपासणी सांगितली.

दोष केएमटी टू बी या जनुकात होता. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. या जनुकापासून बनणारं प्रथिन त्या रिळांवर रासायनिक खुणा करतं. पेशीला कुठला भाग उघडून वाचायचा ते त्यावरून कळतं. रेणूतल्या या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली होती. आम्हा नवरा-बायकोच्या रक्तात तो दोष नव्हता. तो तिच्यातच नव्याने झाला होता.

उपाय होता डीप ब्रेन स्टिम्युलेशन. मेंदूत बारीक तारा बसवतात, छातीत कातडीखाली बॅटरी.

"चालण्यात फरक पडेल, अशी आशा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आवाजाचं सांगता येत नाही."

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या महिन्यात टाच टेकली. आता ती एकटी शाळेत जाते. त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

ज्यांच्या घरी असं लेकरू असेल, त्यांना एवढंच सांगतो: पाय कधी वाकडा पडतो आणि कधी सरळ, दोन्ही डॉक्टरांना दाखवा. आणि लेकराचं म्हणणं खरं धरा.

रेणूचा आवाज अजून चार-पाच पावलांपलीकडे पोहोचत नाही. मी दूर वावरात असलो तरी कान घराकडेच असतो. ती घरी असली, की मी तिच्यापासून चार पावलांतलंच काम काढतो.