अडुसष्टाव्या वर्षी नवं लिव्हर

मलकापुरात दवाखाना टाकून मला बरीच वर्षं झाली. जुन्या फायली दर दिवाळीला रद्दीत जातात. किस्से मात्र साचतच राहतात. नुसत्या आप्पांचेच घ्या ना!

आप्पा म्हणजे रोहिणखेडकडचे कापूसवाले शेतकरी, वय अडुसष्ट, शुगर जुनी. दारूला कधी शिवले नाहीत. पोटात पाणी झालं म्हणून तपासलं, तर लिव्हर पार गेलेलं. शुगरवाल्यांचं दारूशिवायही जातं, हे गावाला समजावून मी थकलो.

"लपून पेत असन बुढा!" मला एकानं सांगितलं. सांगणारा स्वतः पिऊन आला होता!

*

घरच्या कोणीतरी लिव्हरचा तुकडा द्यायचा, नाहीतर आप्पांच्या हाती थोडेच महिने. शहरातल्या सर्जननं वय बघून हृदय, फुप्फुसं, सगळं तपासलं आणि 'चालेल' म्हटलं. मी बजावलं, "गोळ्या मात्र जन्मभर. नाहीतर शरीर नवं लिव्हर नाकारतं."

"म्हंजे बीटी कपाशीसारखंच!" आप्पा म्हणाले. "आली तवा म्हणे, आता फवाराचं काम नाही. पंप अजून पाठीवरून उतरला नाही!"

*

थोरला रमेश छाती ठोकून पुढे आला. त्याचंच लिव्हर चरबीनं भरलेलं निघालं! धाकट्या सुरेशची जूनमधली सरकी लावायची राहिली होती. ती ऑगस्टपर्यंत राहिली!

*

उरली मलकापूरला दिलेली लेक, सुमन. तिचं सगळं जुळलं. पण आप्पा अडून बसले. "लेकीच्या घरचं मी पाणी पेत नाही, अन् लिव्हर घेऊ?"

"पाणी नका पेऊ, आप्पा," सुमन म्हणाली. "लिव्हर घ्या!"

*

शहरात अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे नातं सिद्ध करायचं होतं. मीही सोबत गेलो. सुमनचा जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला शाळेतच कुजलेला, आधारवर नवऱ्याचं नाव. आप्पांची मुलगी म्हणून तिचं नाव असलेला एकच सरकारी कागद घरात होता. तो तिनं पिशवीतून काढला. हक्कसोडपत्र!

समितीच्या साहेबांनी मोठ्यानं वाचलं. वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क ही मुलगी भावांसाठी राजीखुशीनं सोडत आहे. खाली साक्षीदार म्हणून सही माझी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, लिव्हर देण्यासाठी तुमच्यावर कोणाचा दबाव?"

"नाही, साहेब."

"आणि या कागदावर सही करताना?"

सुमनच्या आधी आप्पाच उठले.

"तवा होता, साहेब. माह्या. तो कागद फाडा आधी, मंग घेतो मी लेकीचं लिव्हर."

साहेबांनी कागद घट्ट धरला. "आजोबा, हा फाडला तर ही तुमची मुलगी आहे, हे मी कशावरून धरू?"