जेवलासा काय, पावणं?

आमच्या राजारामपुरीतल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा दिवा बंद होता. तिथंच अंधारात आईचा पाय खड्ड्यात गेला, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या दुखण्यातून ती उठलीच नाही. दिवसकार्य आटोपल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच ध्यास घेतला. तो दिवा लागला पाहिजे.

महापालिकेतले हेलपाटे वाचतील म्हणून तिथलं तक्रारीचं ॲप त्यांच्या मोबाईलवर मीच घालून दिलं. आबांनी चष्मा पुसला आणि एका बोटानं लिहिलं, 'पावणं, कोपऱ्यावरचा दिवा बंद हाय. आमची मंडळी तिथंच पडली. तेवढं बघा.' मोबाईल खाली ठेवायच्या आत उत्तर आलं, 'धन्यवाद. आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठविण्यात आली आहे.' आबा इतके खूश झाले की विचारू नका. कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या माणसानं आयुष्यात कधी त्यांच्याकडं मान वर करून पाहिलं नव्हतं, आणि हा तर आभार मानत होता.

मग ते रोजचंच झालं. स्वतःचं जेवण उरकलं की आबा लिहायचे, 'जेवलासा काय, पावणं? दिवा अजून बंदच हाय की.' उत्तर तेच. मला हसू यायचं आणि रागही. शेवटी एकदा मीच म्हणाले, "आबा, ते मशीन आहे. तिथं माणूस नसतो."

"मशीन कशाला धन्यवाद म्हणंल?" आबा म्हणाले. "दमलेला असणार बिचारा. दुसरं काय सुचत न्हाय त्याला."

गेल्या थंडीत आबा झोपेतच गेले. त्यांचा मोबाईल बंद करण्याआधी मी ॲप उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. त्यांच्या प्रत्येक चौकशीखाली तीच कोरडी ओळ. मी लिहिलं, 'मी त्यांची मुलगी. आबा वारले. दिवा अजून बंद आहे. आता तरी धन्यवाद म्हणू नका.'

लगेच धन्यवाद आलं. त्या दिवशी मी खूप रडले. स्मशानातही इतकी रडले नव्हते.

मोबाईल मात्र बंद करवला नाही. दोन-तीन दिवसांनी त्याच जागी दुसरी ओळ दिसली. 'ताई, पहिलं उत्तर आपोआप जातंय. मागनं सगळं मी वाचतो. दिवा लावणं माझ्या हातात न्हाय, मी नुसतं पुढं पाठवतो. मनाचं काय लिहायची परवानगी न्हाय, म्हणून काकांना कधी बोललो न्हाय. मला इथं जेवलास का म्हणून काका तेवढे एकटेच विचारायचे. जेवलो, एवढं तरी एकदा लिहायला पाहिजे होतं.'

मी मोबाईल घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले. अंधारच होता. तरी एवढं एक उत्तर वेळेत आलं असतं, तर आबांनी दिव्याचंही माफ केलं असतं.