तळहात फिरव, माय

"बॉलचा सांधा हाय का बिजागरीचा?" आमच्या आखाडा बाळापूरच्या मिस्त्रींचा हा पहिला प्रश्न असे, मग जीपचं स्टिअरिंग डुगडुगो नाही तर कुणाचा गुडघा दुखो. जीपखाली सरकून ते सांध्यावर तळहात ठेवत आणि डोळे मिटत. असा हातानं ऐकणारा माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. खांद्याचा उखळीचा सांधा मुलांना कळावा म्हणून त्यांनी मला जीपचा झिजलेला बॉल रॉकेलनं धुऊन दिला होता. "सर, पोरांना सांगा, बॉल चहूकडं फिरतो. बिजागरी निस्ती पुढं-मागं."

नव्वदच्या दशकातला एक बाजाराचा दिवस. मिस्त्रींच्या गॅरेजसमोर काळीपिवळी जीपमध्ये चढताना मी तीन वर्षांच्या लेकीला एका हाताला धरून वर ओढलं. ती किंचाळली. हात लुळा पडला. सांध्यांचे प्रकार शिकवणारा मास्तर मी, आणि लेकराचा हात माझ्याच हातून गेला.

"मिस्त्री, बसवा की!" लोक म्हणाले. मीही हात जोडले. मिस्त्री दोन पावलं मागं सरकले.

"न्हाई सर. लोखंडाचा बिघडला तर नवा टाकतो. लेकराचा कुठून आणू?"

त्यांनी आपली जीप काढली आणि निघायच्या आधी तिच्याखाली शिरले. मी ओरडलोच, "आता काहून वेळ घालवता?"

"बॉल बगून राहिलो. लेकरू बसनार हाय."

हिंगोलीत डॉक्टरांनी तिचा तळहात वर फिरवला, कोपर वाकवलं, बस्स. थोड्या वेळानं तिनं त्याच हातानं बिस्कीट घेतलं. मी तिथंच रडलो, आणि त्याची मला आजही लाज नाही.

मिस्त्री दाराबाहेर भिंतीकडं तोंड करून उभे होते. "बॉल व्हता का बिजागरी?"

डॉक्टर हसले. "कोपरात बिजागरी आहेच, पण शेजारी फिरणारा सांधाही असतो. तळहात वर-खाली होतो तो त्याच्यामुळं. तो सरकला होता. यापुढं लेकराला दोन्ही बगलांखाली धरून उचला."

परतताना मिस्त्री एका हातानं गाडी चालवत दुसरा तळहात वर-खाली फिरवून बघत होते. मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

तेव्हापासून त्यांच्या प्रश्नाला "का फिरनारा?" असं शेपूट जोडलं गेलं. आणि लेक दिसली की हातातलं काम थांबे. "तळहात फिरव, माय." ती फिरवी. "बराबर." मग काम पुढं सुरू. कॉलेजात गेल्यावर ती चारचौघांत लाजायची, पण फिरवायची.

पुढं मिस्त्रींचेच गुडघे थकले. गॅरेज बंद करून ते मुलाकडं निघाले, तेव्हा आम्ही बापलेक स्टँडवर गेलो. ते खिडकीशी बसले होते, पान्ह्यांची पिशवी मांडीवर. गर्दीत त्यांना नेहमीचं 'तळहात फिरव' म्हणता आलं नाही. बस हलली, तसा लेकीनं आपणहून हात उंच केला आणि तळहात फिरवला. वर, खाली.

इंजिनाच्या आवाजात ऐकू काही आलं नाही. ओठ मात्र दिसले. बराबर.