तिसऱ्या पुकारेआधी

"लबाडा! तुह्या तोंडातून आजलोक एक तरी गोष्ट खरी निघाली का रे?"

ताई ओरडत होती. हातात लाटणं, पदर खोचलेला, आणि आवाज असा की दिग्रसच्या सगळ्या जिनिंगचे भोंगे एका बाजूला अन् माझी ताई एका बाजूला. मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबलो होतो.

"ताई, हळू बोल. पोराच्या बापानंच मले सांगतलं."

"सांगतलं! तो वाघही तुले सांगूनच बाजूला झाल्ता ना?"

टिपेश्वरच्या रस्त्यानं येताना वाघ आडवा आला आणि मी नुसता हॉर्न वाजवून त्याला बाजूला व्हायला लावलं, ही गोष्ट मी अख्ख्या तालुक्याला ऐकवली आहे. खरं म्हणाल तर ते रानडुक्कर होतं, आणि बाजूला मी झालो होतो. पण एकदा वाघ म्हटलं की त्याला डुक्कर करणं जिवावर येतं. असे माझे वाघ खूप. ते सगळे त्या दिवशी ताईच्या स्वयंपाकघरात येऊन बसले.

"माह्या पोरीचं लग्न तुह्यापायी मोडलं तर तू मले मेला, अन् मी तुले," ताई म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. ओरडत होती तेव्हा मला एवढी भीती वाटली नव्हती.

झालं होतं असं. आमच्यात लग्न ठरलं की चर्चमध्ये तीन रविवार त्याची पुकार होते. पाळक, म्हणजे पास्टर, दोघांची नावं वाचतो आणि विचारतो, कोणाला हरकत असेल तर बोला. भाचीच्या लग्नाची दुसरी पुकार त्याच सकाळी झाली होती. पोरगा वणीचा. बाप कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, पोरगा शाळेत शिक्षक, माणसं साधी. सगळं छान होतं. वाईट होतं ते एवढंच, की त्या पोराच्या रक्तात जे होतं तेच आमच्या पोरीच्याही रक्तात होतं.

सिकलसेल हा शब्द आमच्याकडे आता शाळकरी पोरंही ओळखतात. आई किंवा बाप, एकाकडूनच आलं तर माणूस धडधाकट राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. दोघांकडून आलं तर ते लेकरू जन्मभर दुखण्यात. भाचीला एकाच बाजूनं आलेलं. शाळेच्या तपासणीत निघालं तेव्हा ती लहान होती. ताईला बोलावून सांगितलं गेलं, आणि मला तेवढं सांगून ताईनं ते गिळलं. पुढे दोन स्थळांना तिनं खरं सांगून पाहिलं. दोन्ही ठिकाणची माणसं चहा अर्धा टाकून उठली. पोरीला तिनं सांगितलं, त्यांना सरकारी नोकरीवाली पाहिजे होती. तिसऱ्या वेळी ताई गप्प राहिली.

त्या गप्प राहण्याला बळ कुठून आलं, तेही सांगतो. आमचे पास्टर साहेब तरणे. गेल्या पावसाळ्यानंतर आले, दिग्रस आणि वणी दोन्हीकडची मंडळी त्यांच्याकडेच. पहिल्याच उपदेशात म्हणाले, "नियमाच्या वहीत बघण्याआधी समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघा. प्रेम सांगेल ते करा. देव त्याच्या पलीकडे काही मागत नाही." लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर असा आमेन ओरडलो की पत्र्यावरची कबुतरं उडून थेट आर्णीला जाऊन बसली. माझ्यासारख्याला याहून गोड उपदेश कोणता? जन्मभर थापा मारल्या त्या लोकांना हसवायला, म्हणजे प्रेमानंच की.

दुसऱ्या रविवारपासून सगळं दिग्रस प्रेमळ झालं. एकानं बायकोवरच्या प्रेमापोटी उपासनेला यायचं सोडलं, कारण रविवारी ती एकटी पडायची. दुसऱ्यानं भावावरच्या प्रेमापोटी धुरा, म्हणजे शेताचा बांध, त्याच्या बाजूला सरकवला, म्हणे भावाला एवढं शेत कसायचा त्रास नको. मंडळीतले एक म्हातारे वडील आहेत (चर्चच्या पंचाला आमच्यात वडील म्हणतात), दहा आज्ञा ज्यांच्या चेहऱ्यावरच कोरल्यात असे. ते म्हणाले, "गुरांचं दावं सोडलं की ते देवळात नाई जात, दुसऱ्याच्या तुरीत शिरतेत." आम्ही हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं.

मग दुसऱ्या पुकारेच्या रविवारी, उपासनेनंतर, वणीचे व्याही हॉल बघायला आले. एसटी स्टँडसमोर चहा घेत होतो. मी वाघ सुरू केला. ते पोट धरून हसले, डोळे पुसले, आणि कप बाजूला ठेवून जवळ सरकले.

"मामाजी, एक गोष्ट लई दिवसाची छातीवर आहे. कोनाले सांगू शकत नाई. तुमाले सांगतो."

"मलेच काहून?"

"तुमचं कोन खरं धरते?" अगदी मनापासून म्हणाले, टोमणा नव्हता. आणि पोराच्या रक्तातलं सांगितलं. त्या पोरालाही त्यांनी कळू दिलं नव्हतं. "स्वतःले बिमार समजन, खचून जाईन. साहेब म्हणतेत ना, प्रेम सांगन ते करा. माह्या प्रेमानं सांगतलं, चूप राय."

माझा चहा हातातच थंड झाला. त्यांना वाटलं मला त्यांची दया आली. मी ताईचं नाव घेतलं नाही. हसलोही. पण आतून असा गारठलो की वैशाखातल्या उन्हानंही ऊब आली नसती.

कारण मी ते दुखणं पाहिलेलं आहे. आमचा धाकटा भाऊ त्यातच गेला. तेव्हा त्या दुखण्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. थंडी पडली की त्याची हाडं दुखायला लागायची आणि तो पाय भिंतीवर आपटायचा, म्हणजे दुसरं दुखणं होईल आणि पहिलं विसरेल. ताई मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून त्याला शेकायची. मी ओरडण्याला घाबरून कडब्याच्या गंजीमागं लपायचो. तिथंही ऐकू यायचं.

यात मी वाढवून काहीच सांगितलेलं नाही.

ताईनं विश्वास ठेवला नाही म्हणून मी त्या वडिलांकडे गेलो. नाव न घेता विचारलं, पुकारेत हरकत कशाला म्हणतात? ते म्हणाले, "आधीचं लग्न, जवळचं नातं, कमी वय. बाकी सारी बडबड." म्हणजे वहीत माझी भाची बसत नव्हती. तरी नियमाचं मला त्या दिवशी पहिल्यांदा कौतुक वाटलं. नियम अपुरा असेल, आंधळा असेल, पण त्याला स्वतःची भाची नसते.

मग पास्टर साहेबांकडे. चर्चमागच्या खोलीत ते शर्टाला इस्त्री करत होते.

"साहेब, ताईच्या प्रेमाले विचारलं, ते म्हणते लपव. व्याह्याच्या प्रेमाले विचारलं, तेही म्हणते लपव. माह्यं म्हणते सांग. आता यातलं देवाचं कोनतं?"

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. सगळं ऐकून घेतलं. मधेच, "काका, ही तुमची नेहमीची गोष्ट नाही ना?" असं विचारलं, आणि माझ्या तोंडाकडे बघून स्वतःच मान खाली घातली.

"मी लपवा असं म्हणालो नव्हतो," ते म्हणाले.

"लपवू नका असंबी नाई म्हनाले. मोकळीक दिली तुमी. थोडी वापस घ्या. मले सांगा, अमुक कर. मी करतो."

"आणि मी 'सांगा' म्हटलं, अन् त्या मुलीनं जिवाचं काही करून घेतलं तर?" त्यांनी अर्धवट इस्त्रीचा शर्ट तसाच घडी केला. "मला भीती वाटते, काका."

एवढा शिकलेला माणूस, आणि तोही माझ्यासारखाच कडब्यामागं. मला वाटलं होतं त्यांच्याकडे जाऊन माझी भीती निम्मी होईल. घेऊन गेलो होतो एक, परत आणल्या दोन. बोलावं तर पोरगी, न बोलावं तर अजून जन्मालाही न आलेलं लेकरू. एका रात्रीत माझे सगळे केस पांढरे झाले. (होतेच थोडे.)

शनिवारी दुपारी ताई बाजारात गेलेली पाहिली आणि मी घरात शिरलो. भाची खाटेवर बसून लग्नाच्या पांढऱ्या साडीला फॉल लावत होती.

"या मामा. आज कोनता वाघ?"

"बेटा, वाघ नाई आज."

मी सांगायला सुरुवात केली आणि ती हसली. हिनंही थाप समजली तर? रक्ताचं बोललो, ती हसतच होती. "मामा, लग्नाच्या घरी असं बोलू नये." मग मी धाकट्या भावाचं सांगितलं. भिंत, पाय, मिठाची पुरचुंडी. थाप मारताना मी दोन्ही हात हवेत फिरवतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर पडून होते.

तिचं हसू गेलं. मला वाटलं आता रडेल, ओरडेल, विहिरीकडे पळेल. मी दार अडवून बसलोच होतो, खोटं कशाला बोलू.

"कोनाकोनाले माहीत आहे?" तिनं विचारलं.

"तुह्या आईले तुहं. त्याच्या घरच्यायले त्याचं. मले दोन्ही. पास्टर साहेबालेबी."

"अन् त्याले?"

"नाई."

तिनं दातानं दोरा तोडला, साडीची घडी केली आणि फोन घेऊन परसात गेली. खूप वेळ बोलत होती. मी तिच्या बोलण्यातला एक शब्दही ऐकला नाही, आणि कान तर इतके लावले होते की परसातल्या मुंग्यांचं चालणं ऐकू येत होतं.

रविवारी चर्च भरलं होतं. पोरगा पहिल्या बसनं वणीहून आला होता, बापाला घेऊन. ताईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पास्टर साहेबांनी तिसऱ्यांदा नावं वाचली. "कोणाला हरकत असेल तर..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. दोन-चार जणांनी माझ्याकडे बघून आधीच हसायची तयारी केली. आपण उठावं की भाचीवर सोडावं, ते मला त्या घडीलाही कळत नव्हतं.

भाची उठली. तिच्या पाठोपाठ तो पोरगा.

"हरकत नाई," ती म्हणाली. "पन थांबवा. आमी दोघं रक्त तपासून येतो, डॉक्टरले विचारतो, मंग सांगू."

मागून वडील पुटपुटले, "हे वहीत नाई." पास्टर साहेबांनी कागद मिटला आणि म्हणाले, "थांबतो." त्यांच्या कपाळावरचा घाम मला शेवटच्या बाकावरून दिसला. व्याह्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. लोकांना काय झालं ते कळलं नाही, आणि हसावं का तेही.

पुढे त्या दोघांनी काय ठरवलं, ते मी इथे लिहिणार नाही. ते त्यांचं आहे, आणि माझ्या तोंडी पडलं की कशालाही शिंगं फुटतात. त्या सकाळचं मात्र शेवटपर्यंत सांगतो. चर्चच्या आवारात चपला शोधत असताना ताईनं पोरीचा दंड धरला. ओरडण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"मी तुह्यासाठीच केलं ना व बाई. तुह्यावरच्या प्रेमापायीच लपवलं. दुसरं काय होतं माह्या मनात?"

भाचीनं चप्पल पायात घातली.

"माहीत आहे, आई. पन मले विचारलं नाई."