पंजाचा ठसा

तलासरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. आशागडहून मोटरसायकलने जातो-येतो. त्या माणसाला शाळेत मीच बोलावलं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

पन्नाशीचा होता. दाढी वाढलेली, आवाज मऊ. जंगलाच्या कडेला त्याने झोपडी बांधली होती. ‘चार वर्षं मी एका बिबट्याच्या मादीबरोबर राहतो, ती पिल्लं घेऊन माझ्या ओटीवर येते,’ असं तो सांगायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला आणि मुलं तासभर जागची हलली नाहीत.

शेवटी त्याने पिशवीतून तिच्या पंजाचा प्लास्टरमधला ठसा काढला. ठसा फिरत फिरत माझ्या हातात आला. चार बोटं, आणि प्रत्येक बोटापुढे नखाची बारीक खूण. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, कुत्र्याला ते जमत नाही. हा धडा मी दरवर्षी शिकवतो. तरी मी ठसा पुढच्या मुलाकडे दिला. मुख्याध्यापक खूश होते आणि पाहुणा माझा होता.

“जंगलात आवाज करू नका,” तो म्हणाला. “आवाजाचा बिबट्याला त्रास होतो. गुपचूप चाला, तो आपणहून वाट देतो.”

स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभी राहून ऐकत होती. आमच्याकडे ती खिचडी करायची. तिचा पाडा टेकडीपलीकडे होता आणि वाट झाडीतून जायची. संध्याकाळी निघाली की रिकाम्या डब्यावर चमचा वाजवत जायची. तिची आईही तशीच जायची म्हणे. टेकडी चढेपर्यंत तो आवाज शाळेत ऐकू यायचा.

दोन-तीन दिवसांनी डब्याचा आवाज येईनासा झाल्याचं माझ्या लक्षात आलं.

“मावशी, डबा वाजवत नाही हल्ली?”

“ते साहेब बोलले ना, वाघाला त्रास होतो. ते त्याच्यासोबत राहतात, त्यांना ठाऊक असणार.”

तेव्हा सांगायला एक मिनिट लागलं असतं. मी “बरं” म्हटलं आणि गाडीला किक मारली.

पुढच्याच आठवड्यात टेकडीच्या वळणावर ती बिबट्याच्या अगदी पुढ्यात गेली. तो कुत्रं मारून खात बसला होता. तिचा उजवा खांदा आणि दंड फाडून तो निघून गेला. तिच्या ओरडण्याने पाड्यावरची माणसं धावत आली, म्हणून ती वाचली.

डहाणूच्या सरकारी दवाखान्यात मी भेटायला गेलो. ती पडल्या पडल्या छताकडे बघत होती.

“मी आले ते त्याला कळलंच नाही, सर,” ती म्हणाली. “तो पण दचकला.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला तिथे बसवेना.

रविवारी सकाळी मी झोपडीवर गेलो. वाटेत गवत कापणाऱ्या एका बाईला विचारलं, तर ती म्हणाली, “आता असतील. उन्हं उतरली की वाणगावला जातात, खोलीवर.”

तो ओटीवर बसला होता. दाराला आतून लोखंडी जाळी होती. चूल कोरी होती, राखेचा कणही नव्हता. ठसा फळीवर मांडलेला होता. मी तो उचलून त्याच्यापुढे ठेवला.

“हा कुत्र्याचा आहे.”

त्याने ठसा उलटा करून ठेवला. मग म्हणाला, “एकदा आली होती. संध्याकाळी. इथे, तुम्ही उभे आहात तिथे. मी आत पळालो, दार लावलं. बाहेर तिचा श्वास ऐकू येत होता. त्यानंतर मी इथे झोपलो नाही.”

मी मावशीबद्दल सांगितलं. “जगेल ना?” एवढंच त्याने विचारलं. महिन्याभरात तो कुठेतरी निघून गेला. झोपडीचे पत्रे कुणीतरी काढून नेले.

मावशी उन्हाळ्याआधी कामावर परतली. उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नाहीत, म्हणून आता ती डाव्या हाताने भाजी चिरते. एका दुपारी मी तिच्यापाशी जाऊन बसलो.

“मावशी, तो ठसा खोटा होता. मला त्याच दिवशी कळलं होतं.”

तिचा विळीवरचा हात थांबला. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग मी विचारायला तुमच्याकडेच यायला पाहिजे होतं,” ती म्हणाली आणि पुन्हा चिरू लागली. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तिला न्यायला पाड्यावरच्या दोघी-तिघी येतात. त्या गेल्यावर मी निघतो. इतक्या वर्षांत मला बिबट्या एकदाही दिसलेला नाही. पण उतारावर, गवत दोन्ही बाजूंनी रस्त्यावर येतं तिथे, माझ्या बरोबरीने काहीतरी आतून चालतंय असं वाटतं. मी वेग वाढवला की तेही वाढवतं. घरी हे कुणाला सांगितलेलं नाही.